गुलामाच्या पोराने ओळखलेली बुरशी

आपल्या वऱ्हाडात जुनी माणसे टमाट्याला भेदरं म्हणतात. बुलडाणा जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मोठी पिके. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो अर्धा-एक एकर भाजीपाला करतो आणि त्यात टमाटा असतोच. रोप चांगले उठते, फुलोरा येतो, फळ पोसते, आणि भाद्रपदात झड लागली की चार दिवसांत फळांवर काळे-तपकिरी चट्टे दिसू लागतात. तोडा केला की चांगली फळे कॅरेटमध्ये आणि सडकी उकिरड्यावर. मग शेतकरी एक सडके फळ रुमालात बांधून कृषी सेवा केंद्रात जातो आणि उधारीवर दोन डबे घेऊन परत येतो. बुरशी कोणती, ती कुठून आली, फळात कोणत्या वाटेने शिरली, हे त्याला कोणी सांगत नाही. फवारणीचा पंप ज्याच्या पाठीवर असतो त्या मजुराला तर मुळीच कोणी सांगत नाही. आणि तो मजूर बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो.

म्हणून आज आम्ही जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्याविषयी लिहीत आहोत. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ सालच्या पुस्तकामुळे हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोहोचले. त्यासाठी लेखिकेचे ऋण मानलेच पाहिजे. मात्र आपल्याकडच्या पांढरपेशा वाचकांनी त्यातून उचलले काय? तर कष्ट करा, नम्र राहा, तक्रार करू नका आणि भुईमुगाचे शेकडो पदार्थ करा. शाळेच्या बक्षीस समारंभात हे पुस्तक वाटणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की कार्व्हर मूळचे बुरशीशास्त्राचे अभ्यासक होते? आणि ज्या माणसांसाठी त्यांनी ते शास्त्र वापरले ती माणसे कोणाच्या वहीत कर्जाने बांधलेली होती, हे किती जण मुलांना सांगतात?

कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड नावाच्या खेड्याजवळ, १८६४ च्या सुमारास झाला. नेमकी तारीख नाही. कारण गुलामाच्या पोराची तारीख लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. आई मेरी ही मोझेस कार्व्हर या गोऱ्या शेतकऱ्याची विकत घेतलेली गुलाम. तान्हा जॉर्ज आणि त्याची आई यांना एके रात्री पळवणाऱ्या टोळीने उचलून नेले. मोझेसने माणूस मागे धाडला. पोर परत मिळाले, त्याच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला असे सांगतात. आई मात्र परत आली नाही, तिचे काय झाले ते शेवटपर्यंत कळले नाही. ज्या देशात माणसाच्या लेकराची किंमत घोड्यात मोजली जात होती त्या देशातली गुलामगिरी मोडणाऱ्यांना महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. त्या वेळी जॉर्ज आठ-नऊ वर्षांचा होता. फुल्यांच्या दृष्टीचा आवाका केवढा होता, हे अशा तारखा शेजारी ठेवल्या की समजते.

जॉर्ज अंगाने अशक्त, खोकल्याने बेजार. शेतातले जड काम होत नसे म्हणून तो घरात सुसान कार्व्हरच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे, शिवण शिकला आणि उरलेल्या वेळात रानात झाडे पाहत हिंडू लागला. शेजारपाजारचे लोक आजारी झाडे त्याच्याकडे आणू लागले. पण गावची शाळा गोऱ्या मुलांची. तेव्हा तो कोवळ्या वयात एकटाच निओशो या गावी गेला आणि मरिया वॉटकिन्स या काळ्या सुईणीच्या घरी कामाच्या मोबदल्यात राहून शिकू लागला. पुढे कॅन्सस राज्य. तिथे फोर्ट स्कॉट या गावात १८७९ साली गोऱ्या जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारून जाळल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि ते गाव सोडले. हायलँड येथील महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला, आणि हा दारात उभा राहिल्यावर कातडीचा रंग पाहून परत पाठवला. हे वाचून आपल्या वाचकांना वेगळे काही वाटणार नाही. आपल्याकडे रंगाऐवजी आडनाव पाहतात, एवढाच फरक.

तिथून तो कॅन्ससच्या उजाड माळावर गेला, सरकारी जमिनीचा १६० एकरांचा तुकडा दाव्याने घेतला, गवताच्या ढेपांचे घर बांधले आणि बैलाशिवाय हाताने काही एकर जमीन फोडून पाहिली. टिकाव लागला नाही. जमीन नावावर असणे आणि ती कसण्याचे भांडवल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कार्व्हर पुस्तकातून शिकले नाहीत.

१८९० साली आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयात ते चित्रकला शिकायला लागले. हात उत्तम होता. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांच्या चित्राचा गौरव झाला. त्याच साली त्याच शिकागोत भरलेली धर्मपरिषद आपल्याकडे शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून शिकवतात, हे चित्र कोणी शिकवत नाही, असो. चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी पाहिले, की हा माणूस झाडे काढत नाही, झाडे ओळखतो. तिचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात प्राध्यापक होते. तिच्या सांगण्यावरून १८९१ साली कार्व्हर तिथे दाखल झाले. त्या महाविद्यालयातील पहिला काळा विद्यार्थी. जेवणघरात गोऱ्या मुलांच्या पंगतीला बसायची मुभा नव्हती, तळघरात शेतमजुरांबरोबर जेवावे लागे. १८९४ साली पदवी, १८९६ साली पदव्युत्तर पदवी, आणि मधल्या काळात तिथेच अध्यापन.

याच एम्समध्ये त्यांना लुई पॅमेल हे गुरू मिळाले. पॅमेल वनस्पतिरोगांचे अभ्यासक. कार्व्हर यांच्या हाती काचघराचा कारभार आला आणि त्यांनी रोगट पाने, सडकी फळे, वाळलेल्या फांद्या गोळा करण्याचा सपाटा लावला. बुरशी टिपण्यात त्यांची नजर विलक्षण होती. १८९५ साली पॅमेल आणि कार्व्हर या दोघांच्या नावाने करंट आणि चेरी या झाडांवरील ठिपक्यांच्या रोगांवर फवारणीचा अहवाल निघाला.

तो काळच या शास्त्राच्या तारुण्याचा होता. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करप्याने सडले, सुमारे दहा लाख माणसे उपाशी मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्या वेळी पाद्री सांगत होते की हा देवाचा कोप आहे. जर्मनीच्या अँटोन द बारी यांनी पुढे दाखवून दिले की हा कोप नव्हे, एक सूक्ष्म जीव आहे. त्याचे नाव फायटोफ्थोरा. आजचे शास्त्र त्याला खऱ्या बुरशीत धरत नाही, बुरशीसारखा पाणबुडा जीव मानते. आपल्या टमाट्यावर उशिरा येणारा करपा पडतो तो याच जीवामुळे. मात्र एक गोष्ट वकिलाच्या नजरेने नोंदवली पाहिजे. बटाटा सडला तो त्या जीवामुळे, पण त्याच काळात आयर्लंडमधून धान्य बाहेर जात होते आणि खंड न भरणाऱ्या कुळांना घराबाहेर काढले जात होते. सड फळाला लागली होती, उपासमार जमीनदारीने आणली.

टमाट्याच्या फळात बुरशी शिरते कशी, हे इथे थोडे सविस्तर सांगतो. कारण कार्व्हर यांनी आयुष्यभर केले ते हेच. बुरशीला हरितद्रव्य नसते. तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही, दुसऱ्याच्या अंगावर जगावे लागते. हे वाचताना कोणाला गावगाड्यातली एखादी व्यवस्था आठवली तर आमचा नाइलाज आहे. बुरशीचे बीजाणू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. ते मागच्या हंगामातल्या पाल्यात, मातीत, बियाण्यावर, बांधावरच्या रिंगणीसारख्या तणात तग धरून असतात. वाऱ्याने आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी ते फळावर येतात. फळ कोरडे असेल तर काही होत नाही. काही तास ओलावा राहिला की बीजाणूला अंकुर फुटतो.

आता वाटा पाहा. लवकर येणारा करपा, म्हणजे अल्टरनेरिया, फळाच्या देठाजवळून, हिरव्या टोपीखालून किंवा जखमेतून आत जातो. तिथे काळा, खोल आणि आत एकात एक वलये असलेला डाग पडतो. उशिरा येणारा करपा थंड व दमट हवेत फळाच्या खांद्यावर तेलकट, तपकिरी, टणक चट्टा आणतो. जमिनीला टेकलेली खालची फळे मातीतल्या दुसऱ्या एका फायटोफ्थोराने सडतात, त्यांच्यावर हरणाच्या डोळ्यासारखी तपकिरी वलये दिसतात. ही सड खाली सुरू होते, कारण माती उडते ती खालीच. आणि सर्वांत लबाड अँथ्रॅक्नोज. त्याच्या अंकुराच्या टोकाला चपटी गाठ तयार होते, ती सालीला घट्ट चिकटते आणि तिच्यातून बारीक खुंटीसारखा धागा धडधाकट साल भेदून आत जातो. जखमेची गरजच नाही. हे घडते फळ हिरवे असताना. मग ती बुरशी गप्प बसते. फळ लाल होऊ लागले, म्हणजे बाजारात न्यायची वेळ आली, की गोल खोलगट डाग उमटतात. शेतकरी म्हणतो काल चांगले होते, आज बिघडले. बिघाड तीन आठवड्यांपूर्वीचाही असू शकतो.

राहिली कॅरेटमधली सड. ती घासलेल्या, तडकलेल्या, अळीने पोखरलेल्या फळातून सुरू होते आणि शेजारच्या फळात पसरते. उलट फळाच्या खालच्या टोकाला येणारा काळा, चामड्यासारखा डाग मुळात बुरशीचा नसतोच. पाण्याची ओढाताण झाली आणि फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, पोचला नाही की तो येतो. त्याच्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे. पण विकणारा हे कशाला सांगेल?

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हर यांना अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे बोलावले. वॉशिंग्टन स्वतः गुलामीत जन्मलेले, काळ्यांसाठी उद्योगशिक्षणाची संस्था उभी करणारे. कार्व्हर एम्सची सोय, संग्रह आणि सन्मान सोडून गेले. टस्कीगीत प्रयोगशाळा नव्हती. उकिरड्यावरच्या बाटल्या, मडकी, तारा गोळा करून त्यांनी विद्यार्थ्यांसह ती तयार केली. पाण्याने धुपलेली, कापसाने पिळून काढलेली जमीन प्रयोगासाठी मिळाली. त्या जमिनीवर त्यांनी चवळी, रताळी, भुईमूग घेतले, पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ घालून ती सुधारली. विकतचे खत सांगितले नाही, कारण ते घेणारा कोणी नव्हता.

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. कायद्याने गुलामी १८६५ साली संपली होती. पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. काळे कुटुंब ती बटईने कसायचे. बियाणे, पीठ, कापड गावातल्या दुकानदाराकडून उधार घ्यायचे आणि त्या बदल्यात उभे पीक त्याच्याकडे तारण. दुकानदार म्हणायचा कापूसच लाव, कारण कापूस विकला जातो आणि खाता येत नाही. वर्षाअखेरीस हिशेब त्याच्या वहीत, आणि वहीत बाकी नेहमी शिल्लक. आपल्याकडचे सालदार, बटईदार आणि कृषी केंद्राच्या उधारीवर पेरणी करून त्याच हितसंबंधातल्या अडत्याला माल देणारे अल्पभूधारक यांना ही वही ओळखीची वाटेल.

अशा माणसासाठी शास्त्र कसे लिहायचे? कार्व्हर यांनी छोट्या पुस्तिका काढल्या. १८९८ पासून त्यांच्या हयातीत चाळीसहून अधिक निघाल्या. त्यांतली चौथी, १९०१ सालची, मेकन जिल्ह्यात सापडणाऱ्या सर्कोस्पोरा या बुरश्यांची आहे. भुईमुगाच्या पानावर टिक्का पडतो तो याच कुळातला. ही विद्वानांसाठीची पुस्तिका. बाकीच्या बहुतेक शेतकऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्या बायांसाठी. छत्तिसावी पुस्तिका १९१८ साली टमाट्यावर निघाली, टमाटा कसा पिकवावा आणि तो ताटात आणण्याच्या ११५ रीती. ११५ हा आकडा ऐकून हसू येईल. पण ज्याच्या घरी वर्षभर मक्याची भाकर, खारवलेली चरबी आणि काकवी एवढेच अन्न होते त्याला परसात टमाटा लावायला सांगणे आणि तो टिकवून हिवाळ्यात खायला शिकवणे, म्हणजे दुकानदाराच्या वहीतली एक ओळ खोडणे होते.

वाचता न येणाऱ्यांचे काय? त्यासाठी १९०६ साली घोडागाडी निघाली. न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांच्या देणगीतून बांधलेली, म्हणून जेसप वॅगन. तिच्यात अवजारे, बियाणे, रोपे. कार्व्हर यांच्याच विद्यार्थ्याने, टॉमस कॅम्पबेल याने ती गावोगाव नेली. माणसे शास्त्राकडे येऊ शकत नसतील तर शास्त्राने माणसांच्या वावरात जावे, हा विचार आज प्रत्येक कृषी विद्यापीठाच्या पत्रकात छापलेला असतो. तो आधी एका गुलामाच्या पोराने चाकांवर चालवून दाखवला.

त्यांच्याभोवती दंतकथा पुष्कळ आहेत. भुईमुगाचे लोणी त्यांनी शोधले, ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध आणि ती खरी नाही. त्यांच्या नावावर पेटंट अवघे तीन. कारभारात ते कच्चे होते आणि त्यावरून वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे खटकेही उडाले. १९२१ साली भुईमुगावरील आयात कराच्या प्रश्नावर अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ते उभे राहिले. वेळ दहा मिनिटांची होती. काळ्यांना टरबुजाची फार आवड असते, या जुन्या हेटाळणीवरून एका सदस्याने भर सभेत टोमणा मारला. कार्व्हर यांनी तो गिळला, पिशवीतून एकेक पदार्थ काढत गेले आणि समितीने वेळ वाढवून वाढवून दिला. त्या दिवसापासून ते देशभर गाजले.

इथे आम्हाला थांबावे लागते. कार्व्हर यांचा आम्हाला आदर आहे, पण चळवळीच्या वाचकांपुढे त्यांची पूजा मांडायची आमची इच्छा नाही. त्यांनी टोमणा गिळला. आयुष्यभर असे अनेक गिळले. जमावाच्या हत्या, वेगळ्या बाकड्या, मतदानाचा हिरावलेला हक्क यांवर त्यांनी उघड लढा दिला नाही. वॉशिंग्टन यांचे धोरणच मुळी तडजोडीचे होते, आणि डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी त्यावर कठोर टीका केली. गोऱ्या सत्तेला कार्व्हर यांचे कौतुक परवडत होते, कारण ते कौतुक काहीही मागत नव्हते. प्रस्थापितांना असा वंचित फार आवडतो. आपल्याकडेही हे पुस्तक बक्षीस देणारे हात आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन' बक्षीस देणारे हात एकच असतात असे आम्ही पाहिलेले नाही.

१९१८ सालचाच आणखी एक कागद आमच्यासमोर आहे. कार्व्हर टमाट्याची पुस्तिका काढत होते त्याच वर्षी, कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात, ते एकत्र करा म्हणजे झाले, असे त्या काळचे जाणते सांगत होते. बाबासाहेबांनी दाखवले, की तुकड्याचा आकार एकटा काही ठरवत नाही. त्यावर लावायला भांडवल किती, अवजारे किती आणि त्याच्यावर भार टाकून बसलेली माणसे किती, हे पाहावे लागते, आणि शेतीवरचा भार उद्योगाकडे वळवावा लागतो. पुढे १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४७ साली 'राज्य आणि अल्पसंख्याक' मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेती करण्याची घटनात्मक योजना दिली. कार्व्हर विचारत होते, या अर्ध्या एकरात काय पिकेल? बाबासाहेब विचारत होते, तुझ्याकडे अर्धाच एकर का? आम्हाला दोन्ही प्रश्न हवेत. दुसरा विसरला तर पहिल्याचे धर्मादाय होते. आणि पहिला विसरला तर, दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिसत्याग्रहांतून आणि नंतरच्या गायरानाच्या लढ्यांतून हाती आलेली जमीन पुन्हा पडीक राहते किंवा मक्त्याने पाटलाकडेच जाते. २००४ साली सुरू झालेल्या दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजनेत भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमिनीची तरतूद आहे. त्या दोन एकरांत पहिल्या पावसाळ्यात टमाटा सडला तर दुसऱ्या वर्षी तो माणूस ऊसतोडीला जातो.

म्हणून बुरशीची माहिती ही आमच्या लेखी हक्काची गोष्ट आहे. तिची किंमतही फार नाही. टमाटा, मिरची, वांगे आणि बटाटा एकामागे एक त्याच वावरात घेऊ नयेत, कारण यांच्या बुरश्या एकमेकांच्या घरी राहतात. झाड बांबू-तारेवर सुतळीने बांधून फळ जमिनीपासून उचलावे. खाली आच्छादन करावे, म्हणजे माती उडणार नाही. पाणी मुळाशी द्यावे, पाटाने तुंबवू नये. सडके फळ बांधावर न फेकता खड्ड्यात पुरावे. ओल्या झाडात तोडा करू नये. एवढ्याने सड संपत नाही, पण फवारण्या निश्चित कमी होतात. फवारायचेच तर बोर्डो मिश्रण आजही घरी करता येते. एक टक्क्याचे करायला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही द्रावणे वेगवेगळी करून तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतायची, लोखंडी भांडे वापरायचे नाही. लोखंडी पाते बुडवून पाहायचे, त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवायचा, आणि त्याच दिवशी वापरून संपवायचे. मोरचूद हेही विषच आहे, हे मात्र विसरायचे नाही.

विषावरून एक कायद्याची गोष्ट. बुरशीनाशके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. १९७१ च्या नियमांनुसार दुकानदाराने पावती दिली पाहिजे, डब्यासोबत प्रादेशिक भाषेत माहितीपत्रक असले पाहिजे आणि डब्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असला पाहिजे. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे असले पाहिजेत, हेही त्याच नियमांत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा यांपैकी किती गोष्टी पाळल्या गेल्या होत्या? बियाणे निकृष्ट निघाले तर शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. पण पावती नसेल तर वकील काय करणार? बटईदाराने पावती स्वतःच्या नावाने घ्यावी. सातबारावर त्याचे नाव नसते, निदान पावतीवर तरी असू द्यावे.

कार्व्हर यांची कीर्ती भुईमुगावर वाढत राहिली, पण बुरशी त्यांनी सोडली नाही. टस्कीगीच्या रानात वेचलेले नमुने ते तज्ज्ञांकडे पाठवत राहिले. त्यांतल्या काही नव्या निघाल्या आणि त्यांना त्यांचे नाव मिळाले. त्यांतली एक कोलेटोट्रायकम कार्व्हरी, १९०२ सालची. टमाट्याला हिरवेपणी गाठून लाल झाल्यावर सडवणारी बुरशी याच कोलेटोट्रायकम कुळातली. आपल्या मिरचीची फळसडही याच कुळाची. १९३५ साली, सत्तरीला आलेल्या कार्व्हर यांना अमेरिकेच्या कृषी खात्याने बुरशीशास्त्र आणि रोगसर्वेक्षण विभागात सहयोगी म्हणून नेमले. एम्सला असताना ज्या लहान मुलाला ते बोट धरून झाडे दाखवत असत तो हेन्री वॉलेस तेव्हा त्या देशाचा कृषिमंत्री होता, पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाला. लग्न केले नाही, घर बांधले नाही. साठवलेला पैसा टस्कीगीतील संशोधनासाठी दिला. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना टस्कीगीतच वॉशिंग्टन यांच्या शेजारी पुरले.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावास चालतो, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' चे वाचन होते. टमाट्यावर बुरशी येते तेही हेच तीन महिने. बुलडाणा जिल्ह्यातल्या विहार समित्यांना आमची सूचना आहे, की या काळात दर पंधरवड्याला वाचन संपल्यावर एक तास यासाठी ठेवावा. ज्याच्या वावरात रोग असेल त्याने एक रोगट पान आणि एक फळ कागदात गुंडाळून आणावे, पिशवीत नको, पिशवीत ते सडते. बुलडाण्याला आणि जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्रे आहेत, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या तज्ज्ञांना लेखी पत्राने बोलवावे आणि पत्राची पोच घ्यावी. आपल्या समाजातली कृषी पदवी घेतलेली मुले-मुली आता तालुक्या-तालुक्यात आहेत, त्यांनाही बोलवावे. साधे भिंग पुरे. आणि फवारणीला जाणाऱ्या बायामाणसांना पुढच्या रांगेत बसवावे.